तुमचे प्रश्न, दातांच्या मॅडमची उत्तरं: कवळी धुवायची गोळी आणि सासूबाईंचं 'बरंय की'

प्रश्न : नमस्कार मॅडम, आम्ही इंदिरानगरला राहतो. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, वरची-खालची पूर्ण कवळी आहे, सहा वर्षं झाली. त्या ज्या दवाखान्यात जातात तिथे त्यांना विचारलं की कवळी साफ करायची एक नवीन गोळी आहे, तिची चाचणी चालू आहे, चार आठवडे वापराल का, तीनदा तपासायला यायचं, रिक्षाभाडं मिळेल. अकरा पानांचा फॉर्म दिलाय घरी वाचायला. त्यावर लिहिलंय "सुरक्षितता आणि स्वीकारार्हता". सासूबाई एका पायावर तयार आहेत कारण तिथली डॉक्टर मुलगी गोड बोलते. मिस्टर म्हणतात आईला प्रयोगाचा उंदीर करतायत. मी मधल्यामधे. काय करू? — एक सून, इंदिरानगर

उत्तर : आधी मिस्टरांच्या उंदराचं बघू. अशी गोळी माणसाच्या हातात देण्याआधी तिचे बरेच हाल झालेले असतात. कवळीचं गुलाबी प्लॅस्टिक म्हणजे अॅक्रिलिक, १९३०च्या दशकाच्या शेवटापासून कवळ्या त्याच्याच बनतात, त्याच्या छोट्या पट्ट्या करून त्या गोळीच्या पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवतात, इतक्या वेळा की जणू काही वर्षभर रोज रात्री भिजतेय, आणि मग बघतात रंग उतरला का, चिरा पडल्या का, पृष्ठभाग खरखरीत झाला का. तो खरखरीतपणा मायक्रॉनमध्ये मोजतात. आमच्यात ०.२ मायक्रॉन हा आकडा सारखा येतो, त्याच्याखाली कितीही गुळगुळीत केलं तरी जंतू चिकटायचं प्रमाण आणखी घटत नाही, त्याच्या वर गेलं की वाढायला लागतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो म्हणजे विचार करा. हे झाल्यावर डिशमधल्या पेशींवर ते पाणी टाकून पेशी मरतात का बघायचं, आयएसओ १०९९३ नावाची एक मोठी मालिकाच आहे अशा तपासण्यांची. कधीकधी माणसांच्या पाठीवर पट्टी लावून बघतात, तीन आठवडे पुन्हा पुन्हा लावायची, मग दोनेक आठवडे सुट्टी, मग परत एकदा लावायची, कारण अॅलर्जी पहिल्या भेटीत कधीच येत नाही, ती ओळख झाल्यावर येते.

म्हणजे सासूबाईंपर्यंत गोळी येते तेव्हा प्रश्न "ही विषारी आहे का" एवढा उरलेला नसतो. प्रश्न असा असतो की खऱ्या घरात, खऱ्या आजीच्या हातात ही गोळी गेल्यावर काय होतं.

आणि हा प्रश्न फालतू नाहीये बरं का. २००८ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, कवळीच्या क्लीनरबद्दल एक जाहीर सूचना काढली होती. त्यांच्याकडे ७३ गंभीर रिअॅक्शनच्या तक्रारी आल्या होत्या, त्यात किमान एक मृत्यू. अंगावर पित्त उठणं, हिरड्या दुखणं, श्वास लागणं, बीपी एकदम खाली जाणं असले प्रकार. यातल्या काहींना गोळीतल्या पर्सल्फेट या घटकाची अॅलर्जी होती, पण काही जणांनी चक्क त्या पाण्याने गुळण्या केल्या होत्या किंवा ते गिळलं होतं! तेव्हा कंपन्यांना सांगितलं की लेबल बदला, इशारा नीट लिहा. आता सांगा, पाकिटावर बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलंय आणि आजींचं मोतिबिंदूचं एकच डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तर त्या इशाऱ्याचा उपयोग काय. म्हणून माणसांवरची चाचणी लागतेच.

होतं काय तर पहिल्या दिवशी कवळी काढून तोंड पूर्ण तपासतात, ओठांची आतली बाजू, गाल, जीभ, जिभेखाली, टाळू, हिरड्यांचा कणा, सगळं, आणि जे दिसेल ते आधीच लिहून ठेवतात म्हणजे जुना चट्टा नंतर गोळीच्या नावावर खपत नाही आणि नवा चट्टा जुना म्हणून लपत नाही. मग मोजून गोळ्या देतात, एक डायरी देतात. परत गेल्यावर तीच तपासणी, उरलेल्या गोळ्या मोजणं, आणि "मधल्या काळात काय काय झालं" हा प्रश्न. इथे सर्दी झाली, पाय मुरगळला, जुलाब झाले, सगळं सांगायचं. कवळीचा पायाशी काय संबंध हे ठरवणं आपलं काम नाही.

आता "स्वीकारार्हता". हा शब्द कुणी शोधला देव जाणे. साधा अर्थ, वापरताना बरं वाटतं का, जमतं का, पुढे वापराल का. चव, वास, कवळी घातल्यावर जळजळ, पाणी किती वेळ फेसाळतं, पाकीट फाडता येतं का. आणि माझी सगळ्यात मोठी काळजी इथे आहे, कारण आपली माणसं डॉक्टरसमोर तक्रार करत नाहीत. माझ्याकडे नाशिकरोडला एक आजोबा यायचे, विचारलं कशी आहे कवळी, "एक नंबर मॅडम." खालची कवळी काढायला सांगितली तर आतल्या बाजूला तुरीच्या डाळीएवढी जखम, पांढरी पडलेली. म्हटलं आजोबा हे दुखत नाही? म्हणाले दुखतं ना, पण तुम्ही एवढी मेहनत घेतली. आता अशा माणसाच्या हातात पाच चौकटींचा कागद दिला, खूप आवडलं ते अजिबात नाही, तर तो कुठे टिक करणार ते मी आत्ताच सांगते. तुमच्या सासूबाई त्या गोड मुलीचं मन राखायला सगळीकडे "छान" लिहून येतील आणि तीनशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या कुठल्यातरी आजीला फॉइल फाडता येणार नाही, संधिवाताच्या बोटांनी, आणि ती अडकित्त्याने कापायला जाईल आणि गोळीचा चुरा होईल. ही अडकित्त्याची गोष्ट मी बघितलेली आहे, कल्पना नाहीये.

तर माझं मत, जाऊ द्या, पण तुम्ही सोबत जा आणि फॉर्म तुम्ही वाचा. तो मराठीत हवा, त्याची एक प्रत तुम्हाला मिळायला हवी, कधीही कारण न देता बाहेर पडता येईल आणि बाहेर पडल्याने दवाखान्यातली नेहमीची ट्रीटमेंट थांबणार नाही असं त्यात लिहिलेलं हवं, चाचणीमुळे त्रास झाला तर उपचार कोण फुकट करणार ते हवं, एथिक्स कमिटीचा, म्हणजे चाचणीतल्या माणसांचं हित बघणाऱ्या समितीचा, फोन नंबर हवा. सीटीआरआय नावाची आपल्या देशातली क्लिनिकल ट्रायलची नोंदवही आहे, २००७ मध्ये सुरू झाली, ऑनलाइन कुणालाही बघता येते, तिथला नोंदणी नंबर आहे का विचारा. विचारल्यावर समोरचा चिडला तर घरी या. रिक्षाभाडं घ्यायला हरकत नाही, ते लालूच नव्हे, पण भाड्याच्या नावाखाली भलतीच मोठी रक्कम असेल तर मला ते आवडणार नाही. दमा आहे का, कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे का, दुसऱ्या कुठल्या चाचणीत आहेत का, हे खरं सांगा, त्यात सासूबाई "काही नाही हो" म्हणतील, त्यांना म्हणू देऊ नका.

आणि घरून निघताना एवढंच सांगा की आई, त्या मुलीला खूश करायचं असेल ना तर तक्रार करा. तिला तेच हवंय.

प्रश्न : मी निवृत्त गणित शिक्षक. मलाही अशाच चाचणीत विचारलं होतं, मी नाही म्हटलं. मला सांगितलं होतं की साठ-सत्तर जण घेणार आणि निम्म्यांना दुसरीच गोळी देणार, कोणती ते कुणालाच सांगणार नाही. साठ जणांवरून काय कळतं? आणि लपवाछपवी कशाला? — एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : सर, गणित तुम्हाला मी शिकवणार म्हणजे काय, पण एक ठोकताळा आहे तो तुम्हाला आवडेल. समजा १०० जणांनी वापरलं आणि एकालाही रिअॅक्शन आली नाही. याचा अर्थ शून्य टक्के नाही. तीनला शंभराने भागा, म्हणजे खरं प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत असू शकतं आणि तरी आपल्याला शंभरात एकही दिसला नाही असं घडू शकतं. साठ जण असतील तर ३ भागिले ६०, म्हणजे ५ टक्के. तेव्हा हजारात एकाला येणारी अॅलर्जी साठ जणांत बहुधा दिसणार नाही, चार आठवड्यांत तर त्याहून कठीण, कारण काहींना वर्षानुवर्षं वापरल्यावर सुरू होते. त्यामुळे "चाचणीत सुरक्षित आढळली" हे वाक्य पाकिटावर वाचलं की मी मनात विचारते किती जणांत आणि किती दिवस. तुमचा प्रश्न बरोबरच आहे. पण साठ जणांत जे कळतं ते वेगळं असतं, दर दहातल्या दोघांचा टाळू लाल होतोय, निम्म्यांना चव नको वाटतेय, हे साठात स्पष्ट दिसतं.

लपवाछपवीचं म्हणाल तर ती प्रामाणिकपणासाठी असते. नवीन म्हटलं की आपल्याला जास्त पांढरं दिसतं. आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही दिसतं, आम्ही काही वेगळे नाही. कधी कधी ते जमतही नाही, एक गोळी फेसाळते आणि दुसरी नाही तर डोळ्यावर पट्टी कशी बांधणार, मग तपासणारा तरी वेगळा ठेवतात ज्याला कोणी काय वापरलं माहीत नसतं.

प्रश्न : माझे वडील ६८, कंपनीतून रिटायर, सातपूरला राहतात. त्यांना दमा आहे. मेडिकलमधून मीच कवळीच्या गोळ्या आणून दिल्या, पंधरा दिवसांनी म्हणतात ओठ चुरचुरतात, टाळूला आग होते, तिखट खाववत नाही, मिसळ बंद झालीय बिचाऱ्यांची. गोळीमुळे असेल का? त्यांनी गोळी बंद केली नाहीये कारण पाकीट महाग आहे, संपवू म्हणतात. — एक मुलगा, सातपूर

उत्तर : पाकीट संपवू म्हणजे काय! आजच बंद करा. खरंच आजच.

आता शांतपणे. पाकीट मात्र फेकू नका, त्यावर घटक वाचा. पोटॅशियम मोनोपर्सल्फेट किंवा पर्सल्फेट असा काही शब्द दिसतोय का बघा. पर्सल्फेट हा गट पार्लरमध्ये केस ब्लीच करायच्या पावडरीतही असतो आणि ती रोज हाताळणाऱ्या पार्लरवाल्या मुलींना त्याने दमा झाल्याचं डॉक्टर लोकांना चांगलं माहितीय. त्यामुळे ज्याला आधीच दमा आहे त्याने या घटकाच्या वाटेला न गेलेलं बरं. ओठ-जीभ सुजली, अंगावर गांध्या उठल्या, श्वास लागला तर माझ्या कॉलमची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टी, पाकीट खिशात घेऊन.

पण दरवेळी गोळीच दोषी असते असंही नाही. वडील कवळी भिजवून काढल्यावर नळाखाली किती वेळ धरतात? बरेच जण पाण्यातून काढतात, झटकतात, तोंडात घालतात. ते पाणी आतल्या खोबणीत राहतं आणि मग टाळूला लागतं. नळाखाली धरून बोटाने आतून चोळून चांगली धुवायची, बुळबुळीतपणा जाईपर्यंत. दुसरं म्हणजे कँडिडा, बुरशी, कवळीखाली टाळूवर लाल पट्टा येतो अगदी कवळीच्या आकाराचा, नकाशा काढल्यासारखा. बहुतेकांना दुखत नाही म्हणून कळतही नाही, काहींना आग होते. दम्याचा पंप घेतात ना वडील? त्यात स्टेरॉइड असेल आणि नंतर चूळ भरत नसतील तर बुरशीला आमंत्रणच. तिसरं म्हणजे कवळी सैल होऊन घासत असेल. हे तिन्ही फोनवर कळत नाही, कवळी काढून बघावं लागतं, दाखवून या.

तोवर साधा साबण, म्हणजे भांड्याचा लिक्विड साबण दोन थेंब, मऊ ब्रश, साधं पाणी. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात. मिसळ सध्या रश्श्याशिवाय.

प्रश्न : मॅडम, कवळीच्या गोळीत सोडा आणि सायट्रिक अॅसिड असतं ना, मग दहा रुपयांचं ईनो का नाही वापरायचं? फेस तर तसाच येतो. — पंचवटी

उत्तर : फेसावर जाऊ नका हो. सोडा आणि सायट्रिक अॅसिड पाण्यात भेटले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, ईनोत तेच होतं आणि कवळीच्या गोळीतही. पण गोळीत आणखी एक गोष्ट असते, परबोरेट किंवा परकार्बोनेट किंवा तो मघाचा पर्सल्फेट, त्यातून ऑक्सिजन सुटतो आणि चहा-सुपारीचे डाग आणि जंतू त्याने कमी होतात. शिवाय थोडा साबण. ईनोने बुडबुडे बघायला मिळतील, नुकसान फार नाही, फायदाही फार नाही. गोळी टाकली तरी ब्रश लागतोच, मी हे सांगून थकलेय, गोळीने सैल झालेला थर ब्रशनेच निघतो.

फक्त ब्रशला टूथपेस्ट नको आणि राख, मीठ, दंतमंजन तर अजिबात नको, अॅक्रिलिक दातापेक्षा खूप मऊ असतं, चरे पडतात आणि त्या चऱ्यात घाण बसते. उकळतं पाणीही नको. माझ्या स्वतःच्या आईने, मुलगी दातांची डॉक्टर असताना, कवळी "निर्जंतुक" करायला चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकली होती. गुलाबी भाग पांढुरका पडला आणि वरची कवळी अशी वाकडी झाली की परत बसलीच नाही. तीन आठवडे आईने वरणभात खाल्ला आणि मला कुणाला सांगायची सोय नव्हती. पाणी कोमट, हाताला सोसेल इतकंच.

कपड्याचं ब्लीच वापरणारे पण भेटतात. अमेरिकेतल्या प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कवळ्या-कृत्रिम दात बसवणाऱ्या तज्ज्ञ मंडळींनी २०११ मध्ये जे नियम काढले त्यात ब्लीचमध्ये १० मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका असं आहे, आणि धातूची तार किंवा जाळी असलेल्या अर्ध्या कवळीला तर ब्लीच नकोच, धातू काळा पडतो.

प्रश्न : आजोबांनी रात्री तहान लागली म्हणून उशाशी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी प्यायलं, त्यात कवळी आणि गोळी दोन्ही होतं. दोन घोट गेले असतील. सकाळी सांगितलं. आत्ता ठीक वाटतायत. काही करायचं का? — नाशिकरोड

उत्तर : दोन घोट, सकाळपर्यंत ठीक, उलटी नाही, पोटात-घशात आग नाही, तर बहुधा निभावलं, पण तरी आज त्यांना फॅमिली डॉक्टरांना दाखवा आणि पाकीट न्या. पुढे कधी झालंच तर लगेच तोंड साध्या पाण्याने धुवायचं, थोडं पाणी प्यायला द्यायचं, आणि मीठपाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी करवायची नाही, फेसाळणारी गोष्ट वर येताना श्वासनलिकेत गेली तर जास्त वाईट. अख्खी गोळी गिळली असेल तर वाट न बघता हॉस्पिटल. विसरभोळे आजी-आजोबा असतील तर हे होतं, गोळ्यांचं पाकीट बीपीच्या औषधांच्या डब्यात ठेवलेलं मी तीन घरात बघितलंय.

पेला वापरू नका. काच नको, स्टील नको, ज्यातून घरात कुणी पाणी पितं असं काहीच नको. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा मिळतो कवळीचा, तो घ्या, आणि उशाशी न ठेवता बेसिनपाशी ठेवा. निळं पाणी करणारी गोळी असते ना, काम झालं की रंग जातो आणि पाणी साधं दिसायला लागतं, म्हणजे रात्री दोन वाजता ते पाणी अगदी पिण्यासारखं दिसतं. हा मुद्दा मी एका कंपनीच्या माणसाला सांगितला होता, तो म्हणाला मॅडम रंग गेला की लोकांना साफ झाल्यासारखं वाटतं. वाटत असेल. इंदिरानगरच्या सूनबाई, तुम्ही वाचत असाल तर सासूबाईंच्या डायरीत हे पण लिहा, पाणी कशात ठेवलं, कुठे ठेवलं.

प्रश्न : कवळीचं गोळीचं पाणी रोज तुळशीला घातलं तर चालेल का? वाया घालवायला जिवावर येतं. — मखमलाबाद

उत्तर : नको. त्यात सोडा आहे, साबण आहे आणि कवळीवरचं काल रात्रीचं जेवण आहे. बेसिनमध्ये ओता, वर तांब्याभर साधं पाणी सोडा. आणि ओतायच्या आधी कवळी बाहेर काढलीय ना ते बघा, खालची छोटी असते, महिन्याला एक तरी माणूस माझ्याकडे "पाण्याबरोबर गेली" म्हणत येतो.